आळेफाट्यावर मी नव्हतो

सोलो क्रॉस-कंट्रीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी घरी फोन केला. तो करायला नको होता. पुढचं सगळं त्या फोनपासून सुरू होतं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो.

मी तेव्हा कॅप्टन होतो. तोफखान्यात पाच वर्षं काढून हेलिकॉप्टर पायलटच्या कोर्सला आलो होतो. कोर्स पास झाला तर छातीवर विंग्ज, नापास झाला तर जुन्या युनिटला परत. तळ आमच्या तालुक्याच्या उत्तरेला होता. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या कोणाची यात चूक नव्हती.

त्या कोर्सला जुन्नर तालुक्यातले आम्ही दोघं होतो. मी निमगाव सावाचा. दुसरा कॅप्टन इरफान मोमीन, जुन्नर शहरातला. त्याच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. बाकीचे अधिकारी आम्हा दोघांनाही ‘पूना’ म्हणायचे, त्यामुळे एकाला हाक मारली की दोघं वळायचो. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारायचो. तो म्हणायचा, “निमगावला एसटी जाते हे खरंय, पण परत येतेच असं नाही.” मी म्हणायचो, जुन्नरकरांना किल्ला सोडून दुसरं काही दाखवायला नाही. असं आमचं चालायचं.

सोलो क्रॉस-कंट्री म्हणजे विद्यार्थ्याने शेजारी इन्स्ट्रक्टर न घेता ठरलेल्या वाटेने दूर जाऊन परत येणं. आमची वाट सोपी होती. तळावरून निघायचं, पुण्याचा हायवे धरायचा, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत मंचरला यायचं, मार्केट यार्डाच्या पत्र्यांवरून वळायचं आणि त्याच वाटेने परत. निमगाव सावा या हायवेच्या पूर्वेला. मंचरहून हेलिकॉप्टरने नऊ मिनिटं. हा हिशेब मी नकाशावर पट्टी ठेवून केला होता. अभ्यासात मी इतका काटेकोर क्वचितच होतो.

फोन थोरल्या भावाने, संपतदादाने घेतला.

“दादा, उद्या सव्वानऊला आईला घेऊन मळ्यात उभा राहा. मी येतोय.”

“रजा मिळाली व्हय?”

“वरून येतोय.”

“आयला!”

“कोणाला सांगू नको.”

“न्हाई सांगत. मी कोनाला सांगतोय?”

“आणि उसाचं पाचट पेटवून ठेव. वरून सगळे मळे सारखे दिसतात. धुरावरनं ओळखीन.”

“परवाच्या पावसानं पाचट वलं हाय राव. लई धूर व्हईल.”

“धूरच पाहिजे.”

इरफान शेजारच्या खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होता. त्याने सगळं ऐकलं. वर न बघता म्हणाला, “निमगाव, एकच चक्कर मार. आईला बघू दे आन निघ. दुसरी मारलीस तर सापडशील.”

सकाळी ०७३० ला ब्रीफिंग झालं. हवामान फेअर, सकाळी धुरकट, नंतर मोकळं. माझे इन्स्ट्रक्टर मेजर नायर. कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, “क्लाउड दिसला तर टर्न बॅक. चुकून आत गेलास तर बाहेर बघणं बंद कर. इन्स्ट्रुमेंट्सवर विश्वास ठेव. धैर्य वगैरे काही लागत नाही. आज्ञापालन लागतं.”

मी ०८१० ला टेक-ऑफ केला. इरफान त्याच वाटेवर ०८४० ला निघणार होता. जाताना उंची साडेतीन हजार फूट, परतताना चार हजार. म्हणजे मी परत फिरल्यावर ०९२० च्या सुमाराला आळेफाट्याजवळ आम्ही एकमेकांना ओलांडणार होतो. मी वर, तो खाली. ही गोष्ट ब्रीफिंगमध्ये फळ्यावर लिहिलेली होती. मी ती वहीतही लिहून घेतली होती.

०९०५ ला मंचर. हायवेवर कांद्याच्या ट्रकांची रांग होती. मी वळलो आणि रेडिओवर सांगितलं, “ओव्हर मंचर, टर्निंग बॅक, ऑपरेशन्स नॉर्मल.” मग नाक उत्तरेला न नेता ईशान्येला नेलं. हात थरथरला वगैरे लिहायला हवं, पण तसं काही झालं नाही. मजेत होतो.

०९१४ ला धूर दिसला. न दिसायला काही कारणच नव्हतं. अर्धा एकर पाचट पेटवल्यासारखा लोट होता. खाली पाहिलं तर मळ्यात शे-दोनशे माणसं. शाळा सोडली होती. सरपंचांनी फेटा बांधला होता, तो उंचीवरूनही भगवा दिसत होता. ‘कोणाला सांगू नको’ याचा आमच्या गावात अर्थ ‘माझं नाव सांगू नको’ एवढाच होतो. आई मात्र मला दिसली नाही. म्हणून दुसरी चक्कर मारली. तेव्हाही दिसली नाही. तिसरी चक्कर मारली ती गावासाठी, हे इथे मान्य करतो. आई गोठ्याच्या पत्र्याखाली उभी होती असं नंतर कळलं. तिला वाटलं, उघड्यावर उभी राहिले तर हा आणखी खाली येईल.

०९१८ ला निघालो. आता उशीर झाला होता. आलो तसं पश्चिमेला हायवेवर जाऊन मग उत्तर धरणं हा शहाणपणाचा रस्ता. मी कोपरा कापायचा ठरवलं. बेल्ह्याच्या पलीकडचे आणे पठाराचे डोंगर सरळ उत्तरेला ओलांडले की बोट्याजवळ पुन्हा हायवे लागतो. पाच मिनिटं वाचली असती.

उंची बत्तीसशे फूट ठेवली होती. पावसाने भिजलेल्या पठारावर ढग बसलेला होता. तो मला दिसला का? नाही. वर आकाश पांढुरकं, खाली धुरकट पांढुरकं, आणि समोर तसंच पांढुरकं. ढग भिंतीसारखा समोर येतो अशी माझी कल्पना होती. तसा तो येत नाही. डावीकडचं बेल्ह्याचं तळं दिसत होतं, मग दिसेनासं झालं, मग डोंगर दिसेना, मग माझ्याच हेलिकॉप्टरच्या काचेबाहेर काहीही उरलं नाही. ०९२१.

पहिले वीस सेकंद मी मेजर नायरांनी सांगितलेलं एकही केलं नाही. बाहेर बघत राहिलो. कुठेतरी फट असेल म्हणून मान लांब केली. शरीर सांगत होतं, आपण सरळ चाललोय. समोरच्या इन्स्ट्रुमेंट्सची घड्याळं सांगत होती, डावीकडे कलून खाली चाललोय, वेग वाढतोय. मला शरीराचं खरं वाटलं. शरीराशी सत्तावीस वर्षांची ओळख होती, घड्याळांशी चार महिन्यांची. उंची तीन हजार झाली. डोंगर नकाशावर एकोणतीसशे होता.

तो आकडा डोक्यात आला आणि मी बाहेर बघणं थांबवलं. कललेलं हेलिकॉप्टर सरळ केलं. सरळ केल्यावर शरीर ओरडून सांगू लागलं की तू उजवीकडे पडतोयस. पडू दे म्हटलं. पॉवर वाढवली. तीन हजार दोनशे. साडेतीन हजार. चार हजार. मग मागे फिरायचं वळण घेतलं. सेकंदाला तीन अंश, म्हणजे अर्ध्या वर्तुळाला साठ सेकंद. मी ते सेकंद मोठ्याने मोजले. एकेचाळीसनंतर पुन्हा एकेचाळीस म्हणालो. काचेवर पाणी धावत होतं. माझ्या तोंडातून आईचं नाव येत होतं. मघाशी ती खाली उभी असताना मी गावाला बघत होतो.

०९२५ ला बाहेर पडलो. एकदम ऊन. खाली बेल्ह्याचा रस्ता आणि त्यावर एक ट्रॅक्टर. हे चार मिनिटांचं काम. जे पुढे गावभर ‘ढगाशी झुंज’ म्हणून सांगितलं गेलं, त्यात झुंज नव्हती. एक घाबरलेला माणूस सांगितलेलं उशिरा ऐकू लागला, एवढंच.

आता मुकाट पश्चिमेला हायवे धरला. ०९३१ ला आळेफाटा. अकरा मिनिटं उशीर. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

०९३२ ला तळाने विचारलं. आवाज खरखरत होता, पण शब्द स्पष्ट होते.

“कन्फर्म वेदर ऑन रूट. एनी क्लाउड?”

कुठूनतरी पठारावर ढग असल्याची खबर त्यांना मिळाली असावी. मला फक्त एवढं सांगायचं होतं: बेल्ह्याच्या उत्तरेला खालचा ढग आहे, पश्चिमेला सरकतोय. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तू तिकडे काय करत होतास? आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात माझ्या विंग्ज गेल्या असत्या.

मी म्हणालो, “निगेटिव्ह. रूट क्लिअर.”

अक्षरशः पाहिलं तर ते खरं होतं. त्या मिनिटाला ठरलेल्या वाटेवर ढग नव्हता. पुढे कित्येक वर्षं मी याच अक्षरांना धरून होतो.

लगेच दुसरा आवाज आला, इरफानचा. तो मंचरजवळ पोहोचत होता. “कॉपीड. रूट क्लिअर. थँक यू.”

मी १०११ ला तळावर उतरलो. उशिराचं कारण म्हणून हेडविंड, म्हणजे समोरचा वारा, असं लिहिलं. त्या दिवशी वारा कुठून होता हे पाचटाच्या धुराने मला नीट दाखवलं होतं. तो मागून होता.

इरफानचं असं झालं. ०९४७ ला तो आळेफाट्याच्या अलीकडे आला, तोवर ढग डोंगरावरून उतरून हायवेवर आला होता. तो आत शिरला नाही. वळला. मागेही धुकं दाटलं होतं. त्याने एक कांद्याचं वावर पाहिलं आणि ०९५३ ला खाली उतरला. उतरताना शेपटीचा पंखा दगडी बांधाला लागला. त्याला खरचटलंही नाही. हेलिकॉप्टर मात्र ट्रकवर घालून न्यावं लागलं.

एका विद्यार्थ्याने ढगात न शिरता हेलिकॉप्टर उतरवलं, दुसरा ढगातून उडून आला. पुस्तकाप्रमाणे वागला तो पहिला. पण चौकशीपुढे मांडलेली गोष्ट निराळी होती. तिथून आधी गेलेल्या विद्यार्थ्याने पंधरा मिनिटांपूर्वी वाट मोकळी असल्याचं कळवलं होतं. त्याच वाटेवर हा घाबरला आणि त्याने सरकारी मशीन मोडलं.

चौकशीला एक कर्नल अध्यक्ष. मला चार प्रश्न. वेदर काय होतं? मोकळं. उशीर का? हेडविंड. वाट सोडलीस का? नाही, सर. आळेफाट्याजवळ दुसरं हेलिकॉप्टर क्रॉस झालं का? झालं, सर.

मग इरफानला आत बोलावलं. मी दाराबाहेर बाकावर होतो. दार अर्धवट उघडं होतं.

“क्रॉसिंग कितीला झालं?”

“ट्वेंटी पास्ट नाइन, सर.”

“दुसरं हेलिकॉप्टर दिसलं?”

मग तो म्हणाला, “दिसलं, सर.”

त्या चौकशीत दोघं खोटं बोललो. मी माझ्यासाठी आणि तोही माझ्यासाठी.

आठवड्याने त्याला कोर्समधून काढल्याचा कागद आला. शेऱ्यात हवामानाचा चुकीचा अंदाज आणि आत्मविश्वासाचा अभाव असं होतं. तो ट्रंक भरत होता तेव्हा मी खोलीत गेलो. त्यानेच विषय काढला.

“तू फाट्यावर नव्हतास.”

मी दार लोटून घेतलं.

“मी डोळे फाडून बघत व्हतो. तिथं कावळा पण नव्हता. आन वावरात उतरलो तर शेतकरी म्हनतो, आज काय हाय राव, मघाशी एक निमगाववर घिरट्या घालत व्हतं, आता तुमी.” तो हसला. “किती मारल्यास?”

“तीन.”

“दोनच्या वर जाशील ठाऊक व्हतं.”

“मग दिसलो म्हणून का सांगितलंस?”

त्याने ट्रंकेवर गुडघा ठेवून कडी लावली. “तालुक्यातनं दोघं आलो. दोघं परत गेलो असतो तर लोक म्हनले असते, जुन्नरची मानसं जमिनीवरच बरी. माझं मशीन तर मोडलंच हाय. एक तरी वर ऱ्हाऊ दे.”

“मी आत्ता जाऊन सांगतो,” मी म्हणालो.

“जा की,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी त्या खोलीतून निघालो. कर्नलांचं ऑफिस उजवीकडे होतं. मी डावीकडे मेसमध्ये गेलो आणि चहा घेतला.

मला विंग्ज मिळाल्या. पुढे बरीच वर्षं उडालो, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. इरफान युनिटला परतला, मेजर झाला. चार वर्षांनी उत्तरेच्या एका उंच चौकीजवळ बर्फाचा कडा कोसळून त्यात तो गेला. बातमी मला टेलिफोनवर कळली. रजा मिळत होती. मी घेतली नाही. पुष्पचक्र पाठवलं. जुन्नरच्या त्या दुकानाची पायरी मी चढलो नाही.

निवृत्तीनंतर गावात आलो आणि कळलं की माझी गोष्ट माझ्या आधीच येऊन राहिली आहे. पहिल्याच सुट्टीत मी भावाला ढगाचं सांगितलं होतं, अर्थात माझ्या सोयीचं. प्रत्येक सांगण्यात ढग मोठा होत गेला. आता त्यात विजा आहेत. या वर्षी शाळेने झेंडावंदनाला बोलावलं. फाटकावर फ्लेक्स होता. त्यावर माझा फोटो, सरपंचांचा माझ्याहून मोठा फोटो, आणि ‘ढगाला भेदणारा निमगावचा सुपुत्र’.

सरपंच म्हणाले, “कर्नलसाहेब, बाकी काय नको. फकस्त ढगाचं सांगा. पोरांना लई आवडतं.”

मी ढगाचं सांगितलं. खरं सांगितलं. वाट सोडली, खोटं बोललो, माझ्यामुळे एक चांगला पायलट गेला. सात-आठ मिनिटं बोललो असेन. मग सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माइक घेतला आणि म्हणाले, “पाहा मुलांनो! एवढा मोठा माणूस, पण किती हा नम्रपणा!” टाळ्या झाल्या. मला शाल घातली, नारळ दिला. संपतदादा तेवढा मान खाली घालून बसला होता. त्या दिवशी धूर त्याने केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने जुन्नरला गेलो. बाजारपेठेतलं दुकान तिथेच होतं. इरफानचे वडील, उस्मानचाचा, आता खूप म्हातारे. समोर एक उघडं मशीन, डोळ्याला भिंग. मी नाव सांगितलं. त्यांनी भिंग काढलं.

“निमगाव,” ते म्हणाले. “इरफान तुमचं नाव तसंच घ्यायचा. बसा.”

मी उभ्यानेच सांगितलं. शाळेत सांगितलं त्याहून कमी शब्दांत. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर बराच वेळ हातातलं तेलाचं फडकं चोळत राहिले.

“रेडिओवर काय म्हनला तुमी? तेच शब्द सांगा.”

“रूट क्लिअर.”

“क्लिअर,” ते म्हणाले. मग पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले.

“त्याचा एक हवालदार आला व्हता इथं, तो गेल्यावर,” चाचा म्हणाले. “शेवटच्या दिवसाचं सांगत व्हता. त्याला धरून सहा जन खाली चालले व्हते. खालच्या चौकीनं निरोप दिला, वाट क्लिअर हाय, या. इरफान म्हनला, तुमी हितंच थांबा, मी आधी म्होरं जाऊन बघतो. हवालदार म्हनला, साहेब, क्लिअर म्हनत्यात की. तर हा हसून म्हनला, क्लिअर म्हननाऱ्याचं मी एकदा ऐकलंय.” चाचांनी फडकं खाली ठेवलं. “हवालदाराला त्याचा अर्थ कळला नव्हता. तो मलाच इचारत व्हता, चाचा, साहेब असं का म्हनले असतील? मला तरी काय ठावं.”

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तो जाईपर्यंत ते थांबले.

“आज कळलं,” ते म्हणाले.

माफी हा शब्द मी वाटेत तयार करून आणला होता, तो काढला नाही. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, “तोंडी नको. त्याला काढल्याच्या कागदात कशी वेळ टाकून लिवलंय, तसं लिवून द्या. वेळांसकट.”

तसं लिहिलेलं ते हे. एक प्रत त्यांना दिली, एक चौकशी जिथे झाली तिथे पाठवली.

मेजर इरफान उस्मान मोमीन, जुन्नर. वाट बघायला एकटे पुढे गेले. मागे थांबवलेले पाचही जण सुखरूप घरी पोहोचले.